वहिनी, कढीपत्ता हवाय का?

वहिनी! अहो सुमनवहिनी! कढीपत्ता हवाय का? आत्ताच छाटला, हा एवढा ढीग पडलाय. भिंतीवरून देते, घ्या. आणि लगेच आत पळू नका. गॅसवर काही आहे का? नाही ना? मग थांबा की. आमचे हे अजून फिरून आले नाहीत. आले की चहा, मग पेपर, मग पेपरात काय आलंय ते मला वाचून दाखवणं. तोवर माझी सुटका आहे.

ऋतुजा काय म्हणते? काल संध्याकाळी गच्चीत बघितलं मी तिला. एक हात कमरेवर, पाय फाकवून चालणं, सगळी मागे कललेली. परळच्या बाळंतपणाच्या वॉर्डात आयुष्य गेलं माझं, चाल बघून महिना सांगते मी. सातवा सरत आला, हो की नाही? बघा! कंबर दुखते म्हणत असेल. पोट पुढे येतं तशी तोल राखायला पाठ मागे जाते, त्यात सांधे सैल पडलेले. बाळाला बाहेर यायला वाट हवी म्हणून कमरेच्या, ओटीपोटाच्या हाडांचे सांधे शरीरच सैल करतं. पण ते काम करणारी संप्रेरकं रक्तातून सगळीकडे फिरतात, पायांना कशी वगळतील? तळव्याची कमान बसते, पाऊल लांबतं, रुंदावतं आणि कित्येकींचं परत पहिल्यासारखं होतच नाही. माझ्या लग्नातल्या कोल्हापुरी चपला संजूच्या वेळी घट्ट झाल्या त्या झाल्याच. आमच्या सासूबाई म्हणायच्या, मुंबईला जाऊन पाय पसरलेत हिने. पसरलेच होते हो, पण त्यांच्या नातवापायी! ऋतुजाला सांगा, महागाच्या चपला घ्यायच्या असतील तर आत्ता घेऊ नकोस, बाळंत होऊन चार महिने जाऊ देत.

तुम्ही काय सांगता तिला? “होतंच असं, आम्ही नाही का काढलं?” बरोबर? अहो, रागावू नका. तुमच्या सासूबाई तुम्हाला तेच म्हणाल्या असतील, आणि त्यांच्या त्यांना. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण नुसतं “होतंच” म्हणून पोरीचं समाधान होत नाही, का होतं तेही सांगावं लागतं. नाहीतर ती मोबाईलवर शोधत बसते आणि रात्रभर जागते. आणि दुसरं म्हणजे… जाऊ दे, ते मग सांगते.

तिच्या उलट्या आठवतात ना? पहिल्या तीन महिन्यांत पोरगी साध्या पाण्याला भ्यायची. तुमची फोडणी पडली की ती न्हाणीघरात. आणि त्या देशपांडेकाकू… आहेत का हो बाहेर? नाहीत ना? त्या म्हणाल्या, हल्लीच्या मुलींची नाटकं. असा राग आला मला! तोंडावर काही बोलले नाही, हळदीकुंकवाला गेलो होतो आपण. माझी भाची मुंबईला डॉक्टर आहे ना, तिनं मला नंतर सगळं समजावलं. २०२३ च्या डिसेंबरात ‘नेचर’ नावाच्या विज्ञानाच्या साप्ताहिकात छापून आलं. गर्भ आणि वार मिळून एक संप्रेरक आईच्या रक्तात सोडतात, जीडीएफ-१५ म्हणतात त्याला. जिच्या अंगात ते एरवी कमी असतं, तिला दिवस राहिल्यावर ते एकदम वाढलं की जास्त बाधतं. ज्यांनी हे शोधलं त्यातली एक मार्लेना फेज्झो, अमेरिकेतली. तिला स्वतःला १९९९ साली इतक्या उलट्या झाल्या की पोटातलं मूल गेलं. आणि तिच्या डॉक्टरांना वाटत होतं की ही उगीच वाढवून सांगतेय. म्हणजे देशपांडेकाकू तिकडेही असतात बघा.

बहुतेकींच्या उलट्या सहाव्या आठवड्याच्या आगेमागे सुरू होतात, नवव्या-दहाव्याला जोर करतात आणि पाचवा लागेपर्यंत आटोपतात. सकाळी उठल्या उठल्या अंथरुणातच कोरडं काहीतरी खायचं, थोडं थोडं खात राहायचं, आलेपाक जिभेवर ठेवायचा. पण जिच्या पोटात घोटभर पाणी ठरत नाही, लघवी गडद व्हायला लागते, वजन उतरतं, तिला आलेपाकावर ठेवायचं नाही. तिला सलाईन लागतं, औषधं लागतात, आणि चांगली औषधं आहेत त्यावर.

डोहाळे कसले लागले हो तिला? पाणीपुरी! आणि तुम्ही नको म्हणालात? अहो, पाण्याची भीती बरोबर आहे तुमची, घरी करून घाला. तुम्हाला निखिलच्या वेळी कैऱ्या लागत होत्या ना, मोरेकाकांचं झाड रिकामं केलंत म्हणे. वॉर्डात मी काय काय बघितलंय! एकीच्या उशीखाली पाटीवरच्या पेन्सिलींचा पुडा. दुसरी भिंतीचा पोपडा काढून चघळायची, कॉटमागची भिंत ओरबाडून ठेवली होती तिनं. चुलीतली भाजकी माती, कच्चे तांदूळ, राख. सासवा म्हणायच्या, मातीचे डोहाळे, पोराला मातीची ओढ. आम्ही आधी डोळ्यांच्या पापण्या उलटून बघायचो आणि रक्त काढायला पाठवायचो. अशा डोहाळ्यांच्या मागे पुष्कळदा रक्त कमी असतं. चिंच खा, कैरी खा, पण माती, पेन्सिल, खडू खावासा वाटला तर लपवू नकोस म्हणावं.

आता रक्ताचं सांगते, कारण परवा तुम्ही घाबरला होतात. साडेबारा होतं ते साडेदहावर आलं, रक्त कुठे गेलं म्हणून! कुठे जाईल? अहो, उलट वाढलंय. गरोदरपणात अंगातलं रक्त चाळीस ते पन्नास टक्क्यांनी वाढतं. मात्र त्यातला पाण्याचा भाग जास्त वाढतो, तांबड्या पेशी तेवढ्या वाढत नाहीत. पाहुणे आले की आपण ताकात पाणी घालून पुरवतो तसं. थोडं उतरणार ते धरलेलंच आहे. पण अकराच्या खाली गेलं की लक्ष द्यायचं, आणि दहाच्या खाली गेलं तर हयगय नाही. सरकारची २०१९ ते २१ ची पाहणी झाली ना, त्यात देशातल्या गरोदर बायकांत ५२ टक्के बायका पांडुरोगाच्या निघाल्या. निम्म्याहून जास्त! आणि घरोघरी ती लाल गोळी डब्यात पडून असते. साठ मिलिग्रॅम लोह, पाचशे मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, चौथ्या महिन्यापासून रोज एक, एकशे ऐंशी दिवस, आणि बाळंत झाल्यावर परत तेवढीच. आशाताई दारात आणून देतात. का घेत नाहीत माहितीये? शौचाला काळी होते. दोन दिवस काळी झाली की घरात गोंधळ आणि गोळी बंद. होते काळी, त्यात काही नाही. फक्त चहाबरोबर घ्यायची नाही, कॅल्शियमच्या गोळीबरोबर घ्यायची नाही, दोन्ही लोहाला अडवतात. लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्यायची. ऋतुजा चहाबरोबर घेते? मग बरोबर, साडेदहा!

त्या गोळीतल्या फॉलिक ॲसिडची गंमत सांगू का? ते मुंबईचं आहे. म्हणजे शोध मुंबईचा. ह्यांच्या आजी गिरणीत वाइंडिंग खात्यात होत्या, आपल्या साताऱ्याकडची निम्मी गावं तेव्हा गिरणगावात. त्या सांगायच्या, पोटुशी बाई महिनोन्महिने पांढरी पडत जायची आणि बाळंतपणात जायची. बाहेरची बाधा म्हणायचे. लूसी विल्स नावाची इंग्लंडची डॉक्टरीण १९२८ साली मुंबईत आली ती ह्याच बायकांचा आजार शोधायला. परळच्या हाफकिन संस्थेत काम करायची. ह्या बायकांच्या रक्तात तांबड्या पेशी थोड्या, आणि असलेल्या नको तितक्या मोठ्या. तिनं त्यांची ताटं तपासली. भाजीपाला नाही, फळ नाही, दूध नाही. उंदरांवर प्रयोग केले, माकडांवर केले. एका माकडाला मार्माइट देऊन बघितलं, ते यीस्टचं काळं खारट असतं ना, इंग्रज लोक पावाला लावतात ते. माकड सुधारलं. मग बायकांना दिलं, त्या सुधारल्या. १९३१ साली तिनं ते छापलं. त्या मार्माइटमध्ये नेमकं काय होतं ते कळायला पुढे दहा वर्षं गेली. १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून ते वेगळं काढलं. आता तर बाळाच्या मणक्यात दोष राहू नये म्हणून दिवस राहण्याच्या आधीपासूनच द्यायला सांगतात. हाफकिनच्या फाटकावरून मी रोज ड्यूटीला जायचे वहिनी, आणि नर्सिंगला असताना हे कोणी सांगितलं नाही आम्हाला. सापाच्या विषावरच्या इंजेक्शनचं तेवढं सांगायचे.

कोण ते? दूधवाला? घ्या घ्या, मी थांबते.

हं. जिना चढताना धाप लागते का तिला? लागणारच. गर्भाशय वर सरकतं तसा छातीखालचा पडदा चारेक सेंटीमीटर वर ढकलला जातो. शिवाय दोन जीवांची हवा घ्यायची म्हणून शरीरच तिला खोल श्वास घ्यायला लावतं. हृदयावरचं काम तीस ते पन्नास टक्क्यांनी वाढलेलं असतं. तुमचा निखिल म्हणतो ना, आई, ही दिवसभर बसूनच असते तरी दमते कशी? त्याला सांगा, ती बसलेली दिसते, आतलं यंत्र धावतंय. एरवी साठ-सत्तर ग्रॅमची पिशवी नऊ महिन्यांत किलोभर होते, बाळ-पाणी सोडून बरं का. त्याला एवढं सांगा आणि घरी आला की केर काढायला लावा.

जवळ या जरा. हे मोठ्यानं बोलायचं नाही, आणि तिथंच तर सगळा घोळ आहे. वॉर्डात डॉक्टरांची राउंड व्हायची. “काही त्रास?” “नाही, डॉक्टर.” राउंड पुढे गेली की मागून पदर धरायच्या. “सिस्टर, एक विचारू?” काय असायचं माहितीये? शौचाला होत नाही. मूळव्याधीचा कोंब आलाय. अंगावर पांढरं जातंय. शिंकलं की लघवीचा थेंब सुटतो. ह्या चार गोष्टी बाया नवऱ्याला सांगत नाहीत, सासूला सांगत नाहीत, आणि डॉक्टरांना तर नाहीच नाही. सगळ्याला कारण आहे हो. ज्या संप्रेरकामुळे गर्भाशय शांत राहतं, त्यानंच आतडीही सुस्तावतात, वर लोहाची गोळी. कोठा जड, कुंथणं, वरून पोटाचा दाब, मग मूळव्याध. पाणी, भाजी, भिजवलेले मनुके, आणि एवढ्यानं भागलं नाही तर चालणारी रेचकं आहेत, डॉक्टर देतात. मनानं एरंडेल पाजायचं नाही! पांढरं जाणं वाढतंच, पातळ, फारसा वास नसलेलं असेल तर काळजी नाही. खाज, घाण वास, रंग आला तर दाखवायचं. आणि एकदम पाण्यानं परकर भिजला, थांबता थांबेना, तर ते पांढरं नव्हे, पाणमोट फुटली असणार. तिथे “बघू उद्या” नको. लघवीला सारखं जावं लागणं चालेल, जळजळलं किंवा थंडी वाजून ताप आला तर तपासायची. राहिलं शिंकेचं. त्याला व्यायाम आहे, लघवी अडवून धरताना जे स्नायू आवळतो ते दिवसातून काही वेळा आवळायचे, सोडायचे. बसल्या जागी, कोणाला कळतसुद्धा नाही. तुम्हीही करा वहिनी. त्या दिवशी भजनात हसता हसता एकदम उठून गेलात, माझ्या लक्षात आलं होतं.

हसू नका, खरंच करा.

छातीत जळजळ? ती तर सातव्यापासून पुढे विचारूच नका. अन्ननलिकेच्या खालची झडप ढिली पडते आणि पोट वर चढलेलं, आंबट पाणी घशाशी येणारच. थोडं थोडं जेवायचं, जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, उशाला दोन उशा घ्यायच्या. तुम्ही काय म्हणालात तिला? बाळाला जावळ भरपूर आहे म्हणून जळजळतं? माझी आईपण म्हणायची. मी सगळ्यांसमोर हसायचे त्याला. तर भाचीनं हसत हसत दाखवलं. अमेरिकेत बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्सला, ६४ बायकांवर अभ्यास केला लोकांनी. हे खोटं आहे असं दाखवायलाच बसले होते ते. आणि निघालं काय, जिला जास्त जळजळ तिच्या बाळाला जास्त केस! २००६ साली छापलंय. बहुधा एकाच संप्रेरकाचे दोन परिणाम असावेत, केस काही आत टोचत नाहीत. पण ह्या एका बाबतीत आपल्या आया जिंकल्या.

सगळ्याच बाबतीत नाही हं. देशपांडेकाकूंनी परवा पोटाकडे बघून सांगितलं ना, टोकदार आहे, मुलगाच? पोट टोकदार की पसरट हे आईच्या पोटाच्या स्नायूंवर, उंचीवर आणि बाळ कसं आडवं-उभं बसलंय त्यावर ठरतं. मुलगा की मुलगी ते निखिलकडून ठरून गेलंय आणि आता कोणी सांगितलं तर तो गुन्हा आहे. डोहाळजेवणाला वाट्या झाकून पेढा की बर्फी करा, खुशाल करा, हसायला बरं. केशराच्या दुधानं बाळ गोरं होत नाही, दूध तेवढं महाग होतं. आणि “दोघांचं खा” म्हणून चार पोळ्या वाढू नका तिला. ह्या दिवसांत साडेतीनशेच कॅलरी जास्त लागतात, एक भाकरी, वाटीभर उसळ, कपभर दूध, झालं. तिला साखरेचं पाणी पाजून तपासणी केली ना? पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज, दोन तासांनी रक्त? एकशे चाळीसच्या आत आली? मग ठीक. माहेरी कोणाला मधुमेह नसला तरी ह्या दिवसांत साखर वाढू शकते, वारेतली संप्रेरकं इन्सुलिनला नीट काम करू देत नाहीत. बाळंत झाल्यावर बहुतेकींची उतरते, पण पुढे लक्ष ठेवावं लागतं.

कोपऱ्यावरच्या बंगल्यातली सून झोपूनच असते, माहितीये तुम्हाला? कोणाला बोलू नका. टाका घातलाय तिला. आधीची दोन पाचव्या महिन्यात गेली, कळा नाहीत, काही नाही, पिशवीचं तोंडच उघडायचं. आता टाक्यावर सातवा लागलाय, बाप्पा करो. तो टाकासुद्धा आपलाच बरं का. डॉ. विठ्ठल शिरोडकर, गोव्याच्या शिरोड्याचे, मुंबईला जे. जे. मध्ये होते. १९५५ मध्ये त्यांनी तो जगापुढे मांडला. सुरुवातीला बाईच्या मांडीतल्या पडद्याची पट्टी काढून तिनं पिशवीचं तोंड बांधायचे. परदेशातली डॉक्टरमंडळीसुद्धा “शिरोडकर” म्हणूनच ओळखतात तो टाका. आमच्या वॉर्डात बाया म्हणायच्या, “मी शिरोडकरांची.” आम्हाला आधी वाटायचं, आडनाव सांगतेय.

बाकी ऋतुजाच्या गालावर वांग आलेत ते मी बघितलं, पोटावर काळी रेघही उमटली असेल. नंतर फिकी होते. हिरड्यांतून रक्त येतं म्हणाली होती, तेही होतं, दात घासायचे थांबवायचे नाहीत एवढंच. रात्री पोटरीत गोळा आला तर पायाची बोटं स्वतःकडे ओढायची. झोपताना कुशीवर, डावी बरी. उताणं झोपलं की सगळा भार मणक्याशेजारच्या मोठ्या शिरेवर पडतो, घाबरं होतं. संध्याकाळी पावलं सुजतात, सकाळी उतरतात, ते चालेल. पण तोंड सुजलं, अंगठी निघेना, डोकं ठणकतं आणि गोळीनं थांबत नाही, डोळ्यांपुढे चमकतं, उजव्या बरगडीखाली दुखतं, ह्यातलं काहीही झालं तर रक्तदाब बघायला लगेच जायचं, मध्यरात्र असली तरी. मी बायका झटके येताना बघितल्यात वहिनी. आधी सगळ्या घरांत “होतंच असं” म्हणून झालेलं असायचं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी फुकट असते, २०१६ पासून, तिकडे आपल्या कामवाल्या सुरेखाच्या लेकीला पाठवा. ती सहावा लागला तरी गेली नाहीये, मी विचारलं तिला.

निखिलचा फोन येतो का रोज? पुण्याला गेलाय म्हणून तुम्ही रडत होतात त्या दिवशी. अहो, तो कुठे गेलाय? बाळाच्या पेशी वारेतून आईच्या रक्तात येतात आणि तिथेच राहतात. १९९६ साली अमेरिकेत डायना बियांकी आणि तिच्या लोकांनी बायकांच्या रक्तात मुलाच्या पेशी शोधल्या, एकीच्या तर बाळंतपणाला सत्तावीस वर्षं झाली होती! निखिल किती, एकतीस? म्हणजे असेल अजून तुमच्या अंगात कुठेतरी आळसात पडलेला.

ही बघा, आलीच ऋतुजा. ये गं, ये. नाही, तुझ्याबद्दल नाही बोलत होतो. बरं, तुझ्याबद्दलच बोलत होतो. बस त्या पायरीवर, उभी राहू नकोस. झोप नाही झाली वाटतं? डोळे बघ कसे ओढलेत. बाळ फिरतंय ना नीट? रोजच्यासारखं? हं, छान.

हात का खाजवतेयस गं?

नाही वहिनी, थांबा जरा. तुम्ही नका सांगू, तिला सांगू दे. तळहाताला? आणि? तळपायालाही. पोटाला नाही? पोटालाही थोडी, पण तळव्यांना जास्त. दाखव. हं. पुरळ नाही, गांधी नाहीत, नुसते खाजवल्याचे ओरखडे. कधीपासून? मागच्या शनिवारपासून. रात्री जास्त होते? पंखा लावून, पाय उघडे टाकून बसावं लागतं? आणि मला आत्ता सांगतेस!

खोबरेल तेल चांगलं केलंत वहिनी, पोटाला लावायचंच. पोट ताणलं की पोटाला खाज सुटते, तिथे तुमचं बरोबर. पण तळहाताला ताण पडत नाही हो. मघाशी मी “दुसरं म्हणजे” म्हणाले ना, ते हेच. साध्यासारखी दिसणारी, पण साधी नसलेली एखादी तक्रार मध्येच असते. शेवटच्या तीन महिन्यांत काही जणींच्या यकृतातून पित्त नीट पुढे सरकत नाही, त्यातली आम्लं रक्तात साठतात. मग अशीच खाज येते, तळव्यांना, रात्री, पुरळाशिवाय. लघवी गडद होतेय का गं? शौचाचा रंग फिका? लक्ष नाही दिलंस. बरं.

घाबरू नकोस. असेलच असं नाही, पण नाही हे रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. यकृताची तपासणी आणि बाइल ॲसिड, दोन्ही करायला सांगायचं. असलं तरी तुला खाजेपलीकडे फारसा त्रास होत नाही, बाळंत झालीस की आपोआप जातं. पण ती आम्लं फार वाढली तर बाळाला सोसत नाहीत. म्हणून गोळ्या देतात, बाळावर नीट लक्ष ठेवतात, कधी तारखेच्या थोडं आधीच बाळंतपण करतात. पुढची तपासणी कधी आहे? सोमवारी? सोमवारी नाही, आज जायचं. डॉक्टरीणबाई सकाळी अकरापर्यंत बसतात ना? वाजले किती?

अहो, आलात का? चहा आज तुमचा तुम्ही करून घ्या, आणि त्या रिक्षावाल्या शिंद्यांना फोन लावा. नाही, मला नाही काही झालं. लावा तर!

वहिनी, तिची फाईल, आधीचे सगळे रिपोर्ट आणि ते सरकारी कार्ड पिशवीत भरा. तुम्ही घरी थांबलात तरी चालेल, पण यायचं असेल तर साडी बदलत बसू नका. निखिलला निघायच्या आधी नको, डॉक्टरांनी बघितल्यावर कळवू, नाहीतर तो गाडी काढून सुटेल. आणि ऋतुजा, इकडे बघ. तिथे गेल्यावर “थोडी खाज येते” असं तोंडातल्या तोंडात बोलायचं नाही. तळहाताला, तळपायाला, रात्री जास्त, शनिवारपासून, पुरळ नाही, सगळं असंच्या असं सांगायचं. लाजलीस तर मी सांगेन, मी शेजारच्या खुर्चीवरच बसणार आहे.